हौसेची स्नोबोर्ड स्पर्धा वर्षागणिक मोठी होते, तेव्हा नेमकं काय वाढतं?

बर्फवेडी · ४ जानेवारी, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न आज इथे मांडते आहे.

नऊ हिवाळ्यांपूर्वी आम्ही पाच जणांनी मिळून एक बँक्ड स्लॅलम भरवली. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डोंगरातली एखादी नैसर्गिक घळ निवडायची, तिच्या दोन्ही अंगांना बर्फाचे तिरके बांध घालायचे आणि त्या बांधांवरून स्नोबोर्ड वळवत खाली यायचं. कसरतींना गुण नसतात, परीक्षक नसतात. ज्याची वेळ कमी तो पुढे. पहिल्या वर्षी १९ जण आले. वरून एकाने हात खाली केला की खाली दुसरीने स्टॉपवॉच सुरू करायचं, असा कारभार. बक्षीस म्हणून मोडक्या बोर्डाचा तुकडा रंगवून दिला होता.

यंदा नोंदणी उघडली आणि चाळीस मिनिटांत १६० जागा भरल्या. शंभराहून जास्त नावं प्रतीक्षायादीत आहेत. त्यातच एका मोठ्या प्रायोजकाने विचारलं आहे. त्यांना घळीच्या शेवटी एक मोठी उडी हवी आहे, नावाजलेले रायडर बोलवायचे आहेत, रोख बक्षिसं आणि थेट प्रक्षेपण हवं आहे. आमच्या पाच जणांत दोन तट पडलेत आणि मी कुठल्या तटात आहे हे माझं मलाच ठरवता येत नाहीये.

अशा स्पर्धा वाढताना तुम्ही पाहिल्या असतील, भरवल्या असतील, त्यांत उतरला असाल. कोणत्या टप्प्यावर काय बदललं? काय बदलायला नको होतं? सविस्तर लिहा, मी सगळं वाचणार आहे.

उतारपंत · ४ जानेवारी, रात्री १०:०५

बर्फवेडी, तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं उदाहरण तुमच्याच प्रकारातलं आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट बेकरची लेजंडरी बँक्ड स्लॅलम.

सुरुवात १९८५ ची. तेव्हा बहुतेक स्की रिसॉर्ट स्नोबोर्डवाल्यांना लिफ्टवर चढूसुद्धा देत नव्हती. बेकरने दिलं. बॉब बार्सी नावाच्या स्थानिक दुकानदाराने पुढाकार घेतला आणि तिथल्या व्हाइट सॅमन भागातल्या नैसर्गिक घळीत ही शर्यत लावली. पहिल्या वर्षी बोर्ड बनवणारा टॉम सिम्स जिंकला. पुढे क्रेग केली, नॉर्वेचा तेर्ये हाकोनसेन अशी माणसं ती जिंकून गेली, तीही एकेकदा नाही.

आणि बक्षीस काय? सोनेरी डक्ट टेपचा, म्हणजे जाड चिकटपट्टीचा, गुंडाळा. फाटके बूट नि हातमोजे त्या काळी डक्ट टेपनेच सांधले जायचे, म्हणून तोच मानाचा करंडक झाला. जगभर रोख बक्षिसं मिळवणारे रायडर त्या टेपसाठी रांगेत उभे राहतात, आणि त्याच दिवशी त्याच मार्गावर शाळकरी मुलं, पन्नाशी ओलांडलेले लोकही धावतात.

चाळीस वर्षांत तिथे काय वाढलं ते बघा. विभाग वाढले, अर्ज इतके वाढले की सोडत काढावी लागते, कीर्ती वाढली. घळ तीच, टेप तीच, आणि स्पर्धा चालवणारे लोक त्याच डोंगरावरचे. वाढ झालीच नाही असं कोण म्हणेल? पण कोणत्या गोष्टीला हात लावायचा नाही हे त्यांनी फार लवकर ठरवून टाकलं होतं.

नवशिका · ४ जानेवारी, रात्री १०:२०

पंत, डक्ट टेपचं माहीतच नव्हतं! आमच्या अवजारांच्या खोक्यात तीन गुंडाळे आहेत, आता त्यांच्याकडे आदराने बघेन. :)

धागा आवडला. वाचतोय.

जुना_गडी · ४ जानेवारी, रात्री ११:३१

पंतांच्या प्रतिसादाला जोड म्हणून आणखी मागे जातो.

स्नोबोर्डच्या आधी स्नर्फर होता. मिशिगनमधल्या मस्कीगनच्या शर्मन पॉपेनने १९६५ च्या नाताळात मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडून ते खेळणं बनवलं. पुढच्या टोकाला दोरी, पाय बांधायची सोय नाही. साठचं दशक संपायच्या आत त्याच्या स्पर्धाही सुरू झाल्या. १९७९ साली मिशिगनमधल्या अशाच एका स्पर्धेला व्हरमाँटहून एक तरुण स्वतः बनवलेला बोर्ड घेऊन आला, आणि त्याच्या बोर्डावर पाय बांधायची सोय होती. लोकांनी हरकत घेतली, हा स्नर्फर नव्हे म्हणाले. वाद झाला. मग पॉल ग्रेव्हज आणि इतर काही जणांनी त्याची बाजू घेतली आणि त्याच्यासाठी वेगळा खुला विभाग काढला गेला. त्या विभागात तो एकटाच होता, म्हणून पहिलाही तोच आला. त्याचं नाव जेक बर्टन कार्पेंटर, बोर्ड बनवणारी बर्टन कंपनी याचीच.

पुढे १९८२ मध्ये याच ग्रेव्हजने व्हरमाँटच्या सुइसाइड सिक्स या टेकडीवर राष्ट्रीय पातळीची पहिली स्पर्धा भरवली. पुढच्या वर्षीपासून तिची सूत्रं बर्टनकडे गेली, १९८५ मध्ये ती स्ट्रॅटनला आली आणि यूएस ओपन म्हणून जगभर गाजली.

मला यात 'ओपन' हा शब्द मोलाचा वाटतो. फॉर्म भरला की कोणीही उतरू शकत होतं. काल गावच्या टेकडीवर शिकलेला पोरगा आणि जगज्जेता एकाच यादीत. बर्फवेडी, तुमच्या १९ जणांत अशी सरमिसळ होती का? आणि १६० मध्ये ती उरली आहे का? मी तुमच्या जागी असतो तर आधी हे तपासलं असतं.

तिरपा_डोंगर · ५ जानेवारी, सकाळी ७:४८

माझं मत वेगळं आहे, स्पष्टच लिहितो.

'लहान होतं तेव्हा सुंदर होतं' हे मला पटत नाही. जे भरवतात त्यांना लहानपणा गोड वाटतो. ज्याला यातच आयुष्य काढायचं आहे त्याने काय करायचं? प्रवास, बोर्ड, बूट, दुखापतीचा खर्च, हे सगळं रंगवलेल्या लाकडाच्या तुकड्यावर भागत नाही. माझा धाकटा भाऊ सात वर्षं स्पर्धा खेळला. रोख बक्षीस असलेल्या दोन स्पर्धा नसत्या तर तिसऱ्या वर्षीच त्याला सोडून द्यावं लागलं असतं.

आणि खेळ पुढे जातो तोही मोठ्या स्पर्धांमुळे. १९८३ मध्ये टॉम सिम्सने कॅलिफोर्नियातल्या सोडा स्प्रिंग्जला जागतिक स्पर्धा भरवली आणि तिच्यात हाफपाइप घातला, म्हणजे दोन्ही बाजूंना उंच भिंती असलेली बर्फाची पन्हळ, जिच्यात कसरती करायच्या. बर्टनच्या चमूने बहिष्काराची भाषा केली. स्नोबोर्ड म्हणजे शर्यत, पाइपचा काय संबंध, असं त्यांचं म्हणणं. पाच वर्षांनी, १९८८ मध्ये, त्यांच्याच यूएस ओपनमध्ये हाफपाइप आला. आज पाइपशिवाय स्नोबोर्डिंग डोळ्यांसमोर येतं का? नवं काही घालायचं म्हटलं की जुनी माणसं अडतात. म्हणून प्रायोजक 'उडी घाला' म्हणाला तर लगेच दार लावू नका.

फावडेबहाद्दर · ५ जानेवारी, सकाळी ११:१५

तिरप्या डोंगरा, भावाबद्दल लिहिलंस ते पटलं. उडीबद्दल मात्र बोलू दे, कारण मी तेरा हिवाळे मार्ग बांधतोय.

बँक्ड स्लॅलमचा मार्ग म्हणजे एकमेकांत गुंफलेले बांध. पहिल्या बांधातून बाहेर पडताना जो वेग असतो त्यावर दुसऱ्याची उंची, तिरकेपणा आणि जागा ठरते. यंत्राने ढीग करून मिळतो, बांधाचा गाल हातानेच घासावा लागतो. फावडं, दाताळं, आणि मग आपणच बोर्डावरून दहादा खाली येऊन बघायचं. जिथे पोट ढवळतं तिथे बांध चुकलाय. आम्ही आठ जण असलो तर पंचवीस बांधांना तीन दिवस लागतात. रात्री बर्फ पडला की सगळं पुन्हा उकरा.

या मार्गाच्या शेवटी मोठी उडी म्हणजे काय? स्पर्धक घळीतून सुटतो तेव्हा प्रत्येकाचा वेग वेगळा असतो. दहा वर्षांची मुलगी ज्या वेगाने येईल आणि मुरलेला रायडर ज्या वेगाने येईल, त्या दोघांना एकच उडी सुरक्षित असू शकत नाही. छोटा वेग असेल तर माणूस उतारापर्यंत पोचत नाही, सपाटीवर आदळतो. मोठा असेल तर उतार ओलांडून जातो. म्हणजे उडी घातली की मुलांचा विभाग वेगळ्या मार्गावर न्या, आणि मग जुना_गडी म्हणतात ती सरमिसळ गेली.

आता हाफपाइपबद्दल, कारण विषय निघालाच आहे. सुरुवातीचे पाइप आमच्यासारख्यांनीच फावड्याने खणले. मग नव्वदच्या दशकात पाइप ड्रॅगन आला. कोलोरॅडोतल्या डग वॉ नावाच्या शेतीयंत्रांच्या मेकॅनिकने ते यंत्र बनवलं. भिंती गुळगुळीत झाल्या, उंच झाल्या, आणि आज मोठ्या स्पर्धांची भिंत ६.७ मीटरची असते. असा पाइप घालायला प्रचंड बर्फ, बर्फ बनवणाऱ्या तोफा, खास कापणीयंत्र आणि ते चालवणारा तज्ज्ञ लागतो. छोट्या टेकड्यांना ते झेपेना, एकामागून एक पाइप बंद पडले. खेळ उंच गेला हे खरं, पण ज्यांनी तो खणला त्यांच्या हाताबाहेर गेला. बँक्ड स्लॅलम अजून हातात आहे, कारण तिला घळ आणि फावडी पुरतात.

घड्याळजी · ५ जानेवारी, दुपारी १:४०

फावडेबहाद्दर, 'पोट ढवळतं तिथे बांध चुकलाय' हे वाक्य आमच्या बांधणीच्या दिवशी सगळ्यांना वाचून दाखवणार.

मी वेळ घेणारा माणूस. स्पर्धा वाढते तेव्हा विश्वास कुठे तुटतो ते मी खालच्या दोरीपाशी उभं राहून पाहिलंय. १९ जण असताना स्टॉपवॉच चालतं, कारण सगळे मित्र असतात. पण हाताने घेतलेल्या वेळेत सहज दोन-तीन दशांश सेकंद इकडेतिकडे होतात. पहिल्या तिघांतलं अंतर त्याहून कमी असतं. आमच्याकडे पाचव्या वर्षी, साठेक स्पर्धक असताना, दोघांच्या वेळेत एक दशांशाचा फरक निघाला. जो हरला तो काहीच बोलला नाही. त्याच्या वडिलांनी फक्त विचारलं, "बटण कोणी दाबलं?" मीच दाबलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि पुढच्या वर्षी आम्ही वर्गणी काढून प्रकाशकिरणाचं साधन घेतलं, स्पर्धकाने किरण तोडला की घड्याळ आपोआप थांबतं.

त्याचीही गंमत आहे. किरण फार वर लावला तर पुढे आलेला हात तो तोडतो, फार खाली लावला तर उडालेला बर्फ तोडतो. साधारण गुडघ्यापाशी ठेवावा. दाट हिमवर्षावात खोट्या वेळा येतात, म्हणून स्टॉपवॉच घेतलेला माणूस तरीही उभा करायचा. थंडीत बॅटरी निम्म्यावर येते, सुटी बॅटरी अंगाशी, कोटाच्या आत ठेवायची.

बर्फवेडी, प्रायोजकाकडून एकच गोष्ट मागायची असेल तर वेळेचं चांगलं साधन मागा. त्याने स्पर्धेचा स्वभाव बदलत नाही.

रानपाखरू · ५ जानेवारी, दुपारी ४:०२

सगळे पुरुष बोर्डबद्दल बोलतायत, मी माणसांबद्दल बोलते. :)

मी पहिल्यांदा अशा एका छोट्या स्पर्धेत उतरले तेव्हा महिलांचा विभागच नव्हता. आम्ही तिघी होतो. संयोजक प्रेमाने म्हणाले, "तिघींसाठी कशाला वेगळा विभाग, सगळ्यांबरोबर धावा." धावलो. पुढच्या वर्षी आमच्यातली एकच आली. तिसऱ्या वर्षी त्यांनी वेगळा विभाग केला, बक्षिसं पुरुषांच्या बरोबरीची ठेवली, आणि बारा जणी आल्या. त्याच्या पुढच्या वर्षी मुलांचा विभाग आला, तेव्हा त्या बारा जणींतल्या पाच जणी आपापली पोरं घेऊन आल्या. स्पर्धा तिथून वाढली, माझ्या डोळ्यांसमोर वाढली.

म्हणून 'लहानच ठेवा' म्हणणाऱ्यांना मला विचारायचं आहे, लहान म्हणजे कोणापुरतं लहान? पहिल्या पाच मित्रांपुरतं का? बेकरच्या विजेत्यांच्या यादीत मॅएल रिकर आहे, जिने २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्ड क्रॉसचं, म्हणजे अनेकींनी एकाच वेळी सुटायच्या शर्यतीचं, सुवर्ण जिंकलं. महिलांना तिथे पूर्ण विभाग मिळत गेला म्हणून ती नावं यादीत दिसतात. विभाग वाढवणं ही मला सगळ्यात चांगली वाढ वाटते.

आडवाट · ५ जानेवारी, संध्याकाळी ७:२६

रानपाखरू +१.

थोडं अवांतर होईल, पण 'सूत्रं कोणाकडे' हा मुद्दा आल्याशिवाय चर्चा पुरी होणार नाही. स्नोबोर्डवाल्यांची स्वतःची आंतरराष्ट्रीय संघटना होती, आयएसएफ, १९९० च्या सुमाराची. तिची स्पर्धामालिका नीट चालली होती. पण ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्ड घ्यायचं ठरलं तेव्हा कारभार स्कीच्या महासंघाकडे, एफआयएसकडे, दिला गेला. १९९८ च्या नागानोला तेर्ये हाकोनसेन गेला नाही. त्या काळचा सर्वोत्तम मानला जाणारा रायडर आपल्या खेळाच्या पहिल्या ऑलिंपिकला गैरहजर! २००२ मध्ये आयएसएफ बंद पडली.

पण तो नुसता रुसून बसला नाही. डॅनियल फ्रांक या दुसऱ्या नॉर्वेजियन रायडरबरोबर त्याने आर्क्टिक चॅलेंज सुरू केली. रायडरांनी रायडरांसाठी आखलेली स्पर्धा. तिथेच, २००७ मध्ये ऑस्लोला, क्वार्टरपाइपवर, म्हणजे एकाच बाजूच्या भिंतीवर, त्याने ९.८ मीटरची झेप घेतली.

तिरपा_डोंगर · ५ जानेवारी, रात्री ८:१०

आडवाट, तेर्येबद्दल मलाही आदर आहे. पण तो नाही गेला ते त्याला परवडत होतं म्हणून. नागानोला गेलेल्या कित्येक अनोळखी पोरांना त्या एका स्पर्धेने घरच्यांसमोर उभं राहायचं बळ दिलं. "हा काय खेळ आहे का" हा प्रश्न त्यानंतर बंद झाला. माझ्या घरात तरी झाला.

आडवाट · ५ जानेवारी, रात्री ८:३३

हे मात्र खरं आहे. त्याचा मी विचार केला नव्हता.

मृगजळ · ५ जानेवारी, रात्री १०:५०

मी स्की पेट्रोलमध्ये, म्हणजे डोंगरावर सुरक्षा आणि जखमींची मदत बघणाऱ्या पथकात, स्वयंसेवक आहे. एका वेगळ्या बाजूने लिहिते, थोडं जड आहे.

ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एअर अँड स्टाइल १९९३-९४ च्या हिवाळ्यात सुरू झाली. एका उडीची स्पर्धा, संगीत, गर्दी. पाच-सहा वर्षांत ती इतकी वाढली की बेर्गइझलच्या स्की-जंप स्टेडियममध्ये हजारोंनी लोक येऊ लागले. डिसेंबर १९९९ मध्ये कार्यक्रम संपल्यावर बाहेर पडताना एका निसरड्या उतारावर चेंगराचेंगरी झाली आणि पाच तरुण जीव गेले. उडीवर कोणाला काही झालं नव्हतं. प्रेक्षक घरी जात होते.

स्पर्धक वाढले की आपण मार्गाचा विचार करतो. १६० स्पर्धक म्हणजे त्यांचे घरचे, मित्र, मुलं धरून चारशे-पाचशे माणसं बर्फावर. ती कुठे उभी राहणार? घळीच्या काठावर उभी राहिली तर काठ ढासळू शकतो. वर परत कशी जाणार, खाली कशी उतरणार? मार्गातून आडवं कोणी जाऊ नये म्हणून कोण उभं असणार? एका जखमी माणसाला बर्फगाडीवर घालून खाली नेताना माझे दोन सहकारी अडकले, तर दुसऱ्या जखमीसाठी कोण उरतं? आमच्या डोंगरावरचा नियम सांगते. सगळे पेट्रोलवाले कामात असतील तर स्पर्धा थांबते. कोण आघाडीवर आहे, कॅमेरे लागलेत का, हे काही बघायचं नाही.

थेट प्रक्षेपण असलं की 'थांबा' म्हणणं अवघड होतं. हा माझा स्वतःचा अनुभव आहे. हवा बिघडली होती, मार्ग दिसत नव्हता, आणि वरून पुन्हा पुन्हा निरोप येत होता की वेळ ठरलेली आहे, चालू ठेवा. मी चालू ठेवलं नाही. पण तेव्हा माझे हात थरथरत होते हे मला आजही आठवतं. करार करणार असाल तर थांबवण्याचा अधिकार पेट्रोलप्रमुखाकडे राहील, हे त्यात लिहून घ्या.

बर्फवेडी · ५ जानेवारी, रात्री ११:२९

मृगजळ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. काठावर लोक उभे राहतात हे आमच्याकडेही होतं आणि आम्ही दरवर्षी नुसतं ओरडून त्यांना मागे सारतो. हे यंदा बदलणार.

जुना_गडी, सरमिसळीबद्दल विचारलंत. यादी काढून बघितली. पहिल्या वर्षीच्या १९ पैकी यंदा फक्त ४ जण आहेत. बाकीच्यांना नको होतं असं नाही, चाळीस मिनिटांत फॉर्म भरायला ते संगणकासमोर नव्हते. आमच्या जवळच्या मुलांपैकी तर फारच थोडी आहेत. हे मी आजवर मोजलंच नव्हतं.

नवशिका · ६ जानेवारी, सकाळी ८:१५

मग सोडत का नाही? पंतांनी लिहिलंय बेकरला सोडत असते. आधी आला तो आत, यात ज्यांच्याकडे वेगवान इंटरनेट आणि मोकळी सकाळ आहे त्यांचाच फायदा. आणि जागाच वाढवून २६० का करत नाही? मला खरंच कळत नाही म्हणून विचारतोय.

फावडेबहाद्दर · ६ जानेवारी, सकाळी ९:४४

नवशिका, चांगला प्रश्न. हिशोब करू.

१६० जण, प्रत्येकी दोन फेऱ्या, म्हणजे ३२० फेऱ्या. एकामागून एक ४५ सेकंदांनी सोडले तर बरोबर चार तास. २६० जणांना तेच साडेसहा तास होतात. सकाळी मार्ग पाहायला एक तास, मधे डागडुजीला एक तास, पडझड झाली की थांबणं वेगळं. फेब्रुवारीत लिफ्ट बंद होईपर्यंत हे बसत नाही. घाई करून ३० सेकंदांनी सोडले तर पडलेल्यावर मागचा येऊन आदळतो.

त्याहून मोठा हिशोब बर्फाचा. प्रत्येक माणूस बांधाच्या त्याच जागेवर कड रोवतो. शंभराव्या फेरीपर्यंत तिथे गुडघाभर चर पडतो. उशिरा सुटणाऱ्याच्या वाट्याला पहिल्यापेक्षा वेगळाच मार्ग येतो. म्हणून मधे दाताळी घेऊन उतरायचं, थंडी कमी असेल तर मीठ टाकून पृष्ठभाग घट्ट करायचा, आणि दुसऱ्या फेरीत सोडण्याचा क्रम उलटा करायचा. एवढं करूनही एका घळीची ताकद ठरलेली असते. ती आमच्या घळीला दीडशेच्या आसपास आहे. तुमची किती हे तुमच्या फावडेवाल्यांना विचारा, तेच खरं सांगतील.

उतारपंत · ६ जानेवारी, सकाळी १०:३०

दोन दिवस करता येतील ना? पहिल्या दिवशी पात्रता, दुसऱ्या दिवशी अंतिम.

फावडेबहाद्दर · ६ जानेवारी, सकाळी १०:४१

येतील. पण मग संध्याकाळी मार्ग पुन्हा बांधायला ताजी माणसं लागतील. सोबत आठ जण पाठवता का पंत? :)

उतारपंत · ६ जानेवारी, सकाळी १०:४६

मी स्वतः येतो, फावडं तुम्ही द्या.

रानपाखरू · ६ जानेवारी, दुपारी १२:२०

सोडतीला माझा पाठिंबा, पण सरसकट नको. काही जागा बाजूला ठेवा. त्या डोंगरावर शिकणारी मुलं, आणि बांधणीला येणारे लोक. जो तीन दिवस फावडं मारतो त्याला उतरायची जागा मिळत नसेल तर पुढच्या वर्षी तो का येईल? मुलांच्या जागा सोडतीत घालूच नका, असं माझं ठाम मत आहे.

घड्याळजी · ६ जानेवारी, दुपारी १:०५

सहमत. फक्त ते राखीव जागांचं सगळ्यांना दिसेल असं आधी जाहीर करा. नाहीतर "ओळखीच्यांना घेतलं" सुरू होतं, आणि तो डाग किरण लावूनही जात नाही.

मृगजळ · ६ जानेवारी, दुपारी ३:३८

पैशाबद्दल एक उदाहरण राहून जायला नको. ऑरेगनमधल्या माउंट बॅचलरला जॉश डर्क्सन या रायडरने २००७ मध्ये एक बँक्ड स्लॅलम सुरू केली, डर्क्सन डर्बी. कारण होतं जबर जखमी होऊन खुर्चीला खिळलेल्या एका तरुण स्नोबोर्डरला मदत करणं. लोक त्या मुलासाठी आले, आणि दरवर्षी येत राहिले. पैसे कुठे जाणार हे स्पष्ट असलं की लोक बक्षिसाची रक्कम विचारत नाहीत.

तिरपा_डोंगर · ६ जानेवारी, संध्याकाळी ६:१२

डर्बीचं माहीत नव्हतं, छान वाटलं.

माझ्या मूळ मुद्द्यावर मी अजून आहे, पण फावडेबहाद्दरांचा उडीचा खुलासा वाचून एवढं मान्य करतो की ही उडी या मार्गावर नको. रोख रक्कम मात्र द्याच. थोडी द्या, सगळ्या विभागांना सारखी द्या. लांबून येणाऱ्या एखाद्या पोराचा प्रवासखर्च निघाला तरी त्याच्या घरी एक वर्ष कमी वाद होतो.

जुना_गडी · ६ जानेवारी, रात्री ९:०७

यूएस ओपनची गोष्ट मी अर्धीच सांगितली होती, पुरी करतो.

स्ट्रॅटनला ती सत्तावीस वर्षं राहिली. २०१३ मध्ये ती कोलोरॅडोतल्या व्हेलला गेली. सुविधा उत्तम, पाइप उत्तम, जगातले सगळे मोठे रायडर हजर. पण तोवर फॉर्म भरून कोणीही उतरावं अशी ती राहिली नव्हती. जेक बर्टन नोव्हेंबर २०१९ मध्ये गेला, आणि २०२० ची ओपन शेवटची ठरली. पुढे त्या कंपनीने ओपनऐवजी ठिकठिकाणच्या टेकड्यांवर, सर्वांना उतरता येईल अशा छोट्या स्पर्धांची मालिका काढली.

मिशिगनच्या त्या एकट्याच्या खुल्या विभागापासून ही वाट निघाली होती. त्या मालिकेची बातमी वाचली तेव्हा मला आनंदही झाला आणि भरूनही आलं. स्ट्रॅटनच्या पाइपच्या काठावर मी दोन दिवस उभा होतो, ओला झालो होतो, आणि बाजूला उभा असलेला मुलगा मला सांगत होता, "मी उद्या यात उतरणार आहे." तो पहिल्याच फेरीत बाद झाला. परत वर आला तेव्हा त्याचा चेहरा असा होता की मी तो विसरलेलो नाही.

बर्फवेडी · ९ जानेवारी, रात्री ८:५०

मंडळी, तीन दिवस गायब होते कारण आम्ही पाच जण प्रत्यक्ष भेटलो. हा सगळा धागा मोठ्याने वाचला. फावडेबहाद्दरांचा हिशोब आमच्या फावडेवाल्याने कागदावर पुन्हा करून पाहिला. त्याच्या मते आमची घळ १५० च्या पुढे टिकत नाही, गेल्या वर्षी १४० वरच चर आवरत नव्हते. हे तो दोन वर्षं सांगत होता आणि आम्ही ऐकलं नव्हतं. त्याची माफी मागितली.

ठरलं ते असं. यंदा १६० जणांना शब्द दिलाय तो पाळायचा, पण फेऱ्या दोन दिवसांत विभागून. पुढच्या वर्षीपासून १५०. त्यातल्या ३० जागा डोंगरावरच्या मुलांना, २० बांधणीला येणाऱ्यांना, उरलेल्या शंभरांची सोडत, आणि हे सगळं नोंदणीच्या आधी जाहीर. महिला आणि पुरुष विभागांना सारखी रक्कम, थोडीच. मुलांना रक्कम नाही, त्यांना रंगवलेला बोर्डाचा तुकडा. तोच पहिल्या वर्षीचा बोर्ड आहे, अजून त्याचे बरेच तुकडे शिल्लक आहेत.

प्रायोजकांना आज फोन केला. उडी नाही, थेट प्रक्षेपण नाही, थांबवण्याचा अधिकार पेट्रोलप्रमुखाचा आणि तो लेखी, असं सांगितलं. बदल्यात वेळेचं साधन आणि दोन्ही दिवस जादा पेट्रोलचा खर्च मागितला. पलीकडच्या बाई बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "विचारून सांगते." अजून उत्तर नाही. नाही म्हणाले तर वर्गणी काढू, घड्याळजींनी काढली तशी.

पंत, फावडेबहाद्दर, बांधणी २० फेब्रुवारीपासून आहे. दोघांनी एकमेकांना शब्द दिलाय तो आमच्या घळीत पाळाल का?

उतारपंत · ९ जानेवारी, रात्री ९:०२

मी येतोय. तीनही दिवस.

फावडेबहाद्दर · ९ जानेवारी, रात्री ९:३०

मीही. दाताळं माझं आणतो, दुसऱ्याच्या दाताळ्याने मला जमत नाही. घळीचा फोटो टाका, शक्यतो दुपारी काढलेला, सावल्या दिसतील असा. उताराचा वळसा त्याशिवाय कळत नाही.

नवशिका · ९ जानेवारी, रात्री ९:४१

फावडं कधी धरलेलं नाही. चालेल का?

बर्फवेडी · ९ जानेवारी, रात्री ९:४४

चालेल. सकाळी सातला पहिल्या लिफ्टपाशी ये, जाड हातमोजे दोन जोड आण. पहिला बांध तुझ्याकडे.